राक्षसाचा चेहरा कोणी बदलला?



या व्यासपीठावर आम्हांला बोलावले तेव्हा मंडळींची अपेक्षा अशी असावी की आम्ही किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यांवर बोलू. ते बोलणे वर्षभर कारखान्याच्या गेटावर चालूच असते. आज आम्ही एका भयपटातील राक्षसाविषयी बोलणार आहोत. ज्यांना हा पोरकटपणा वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे युनियनच्या कपाटातील पुस्तकांवर, मांडीवर शब्दकोश घेऊन झाले. असेच एकदा अमेरिकेतील नटांच्या संघटनेविषयी वाचत होतो. 1933 साली तेथील स्टुडिओंनी मंदीचे कारण सांगून पगार निम्म्यावर आणले, आणि त्याच वर्षी नटांनी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड स्थापन केले. निर्मात्यांनी त्याला मान्यता दिली ती 1937 साली. स्थापनेच्या वेळच्या सभासदांत एक नाव होते बोरिस कार्लोफ. हा गृहस्थ कोण म्हणून शोध घेतला, तर तो 'फ्रँकेन्स्टाइन' बोलपटातला राक्षस निघाला! राक्षसाने युनियन काढली, हे कळल्यावर तो बोलपट न पाहून कसे चालेल?

'फ्रँकेन्स्टाइन' 1931 सालचा, युनिव्हर्सल कंपनीचा. फ्रँकेन्स्टाइन हे खरे तर डॉक्टरचे नाव. त्याने प्रेतांचे तुकडे जोडून उभा केलेला प्राणी बिननावाचाच आहे. पण जगाने मालकाचे नाव त्याच्या निर्मितीला देऊन टाकले. त्या प्राण्याचा चेहरा जॅक पिअर्स नावाच्या रंगभूषाकाराने घडवला. शल्यवैद्य कवटी कापील तर ती डब्याच्या झाकणासारखी सरळ कापील, म्हणून डोके वर सपाट. मानेला दोन्ही बाजूंनी जे लोखंडी खुंट दिसतात ते वीज आत सोडण्यासाठी. कापूस आणि कोलोडियन यांचे थर एकावर एक चढवायचे, पापण्यांवर मेण लावायचे. या कामाला रोज चारेक तास लागत. कार्लोफने आपल्या नकली दातांची कवळी काढून ठेवली आणि गाल आत बसला. मग जड बूट घालून दिवसभर काम, आणि शेवटी रंग उतरवण्याचा वेळ वेगळा. असे दिवस काढलेला माणूस कामाच्या तासांविषयी का बोलू लागला, ते तुम्हां मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही.

बोलपट तुफान चालला, आणि तो चेहरा लोकांच्या मनात कायमचा बसला. पुढील भागांची सारी भानगड येथून सुरू होते. पहिल्या बोलपटाच्या शेवटी राक्षस जळत्या पवनचक्कीत सापडतो, म्हणून 1935 सालच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये पिअर्सने त्याचे केस जळलेले दाखवले, भाजल्याच्या खुणा दाखवल्या. आता तो बोलूही लागला. बोलायचे म्हणजे कवळी तोंडात हवी. ती बसवली, आणि खोल गाल भरून आला! राक्षसाने बोलणे कार्लोफला स्वतःला पसंत नव्हते, आणि पुष्कळ रसिक आजही त्याच्या बाजूचे आहेत. आम्ही नाही. मेरी शेली बाईंच्या 1818 सालच्या मूळ कादंबरीत हा प्राणी भिंतीआडून लोकांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, सापडलेली पुस्तके वाचतो आणि आपल्या निर्मात्याला तोंडावर जाब विचारतो. आमच्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला असा राक्षस आवडला तर त्यात नवल नाही. 1939 सालच्या तिसऱ्या बोलपटात मात्र त्याच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे जाकीट आले आणि वाचा गेली. का गेली, याचा पडद्यावर खुलासा नाही. यानंतर कार्लोफने त्या मालिकेत राक्षसाचे काम केले नाही.

आता आम्हांला ज्या माणसाविषयी बोलायचे आहे त्याच्याकडे येतो. बेला लुगोसी हा 1931 सालचा 'ड्रॅक्युला'. हा मूळचा हंगेरीतला नट. 1919 सालच्या क्रांतीच्या काळात नटांची संघटना उभारण्यात तो पुढे होता. ते सरकार कोसळले तेव्हा त्याला देश सोडावा लागला. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस प्रथम त्यालाच देऊ केला होता. पण त्या कामात एकही वाक्य नव्हते, म्हणून ते त्याच्या मनास आले नाही असे सांगतात.

1942 साली मालिकेतील चौथा बोलपट आला. त्यात लुगोसीने यगोर नावाच्या कपटी माणसाचे काम केले होते, राक्षस झाला होता धाकटा लॉन चॅनी. शेवटी यगोरचा मेंदू राक्षसाच्या डोक्यात बसवतात, राक्षस लुगोसीच्या आवाजात बोलू लागतो, आणि रक्त न जुळल्यामुळे आंधळा होतो. तेव्हा पुढच्या खेपेस राक्षसाचे काम लुगोसीकडे जाणे सरळच होते. 1943 सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन'साठी त्याने रंगभूषा चढवली तेव्हा तो साठीला पोहोचला होता. राक्षस आंधळा, म्हणून त्याने हात पुढे करून, चाचपडत, ताठ पायांनी चालायचे ठरवले. आणि या वेळी वाक्ये होती! बारा वर्षांपूर्वी जे नव्हते ते आता मिळाले होते.

पटकथाकार कर्ट सिओदमाक यांनी पुढे सांगितले ते असे: बोलपट तयार झाल्यावर स्टुडिओत दाखवला, तेव्हा राक्षसाच्या तोंडून हंगेरियन वळणाचे इंग्रजी ऐकून बघणारे हसू लागले. झाले! कंपनीने त्याची सारी वाक्ये कापून टाकली. त्या वाक्यांबरोबर तो आंधळा असल्याचा उल्लेखही गेला. चालणे तेवढे राहिले.

प्रेक्षकांनी काय पाहिले असेल ते डोळ्यांसमोर आणा. परिचयाचा चेहरा बदललेला आहे, तोंड रुंद आहे, आणि हा म्हातारा काही कारण नसताना हात पुढे करून धडपडतो आहे. लुगोसी हा सर्वांत वाईट राक्षस, असा निकाल लागला. 1957 पासून हे जुने बोलपट अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवू लागले, भयपटांच्या वेड्या पोरांसाठी मासिके निघाली, आणि नव्या पिढीनेही तोच निकाल कायम केला. लुगोसी 1956 सालीच वारला होता. गंमत म्हणा की दैव म्हणा, आज कुठल्याही देशातले पोर या राक्षसाची नक्कल करताना हात पुढे करून चालते ते लुगोसीचेच चालणे.

आम्ही प्रेक्षकांना हसत नाही. पदरचे पैसे टाकून तिकीट काढणाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे. पण ती तक्रार कोणाच्या दारात जाऊन पडते, हे पाहायला नको काय? एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही तरुणपणी काम केले. सूत कच्चे यायचे, ताणा पुन्हा पुन्हा तुटायचा, आणि घडी घालताना कापडात दोष निघाला की पैसे विणकराचे कापले जायचे. व्यापाऱ्याला कापड दिसे, कापडावरून विणकर दिसे. सूत कोणी स्वस्तात घेतले ते कुठेच दिसत नसे. एकदा आम्ही तुटलेल्या धाग्यांची लडी घेऊन कचेरीत गेलो आणि टेबलावर ठेवली. त्या महिन्याचे पैसे परत मिळाले नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून सूत तपासून घेऊ लागले.

लुगोसीच्या बाबतीत अशी लडी टेबलावर ठेवली कोणी? कंपनीने नव्हे. त्याच रसिकांनी, ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्याला नावे ठेवली होती. त्यांनी जुनी कागदपत्रे उकरली, मूळ पटकथा छापून निघाली, आणि राक्षस आंधळा होता, बोलत होता, हे लोकांसमोर आले. फार उशीर झाला, पण आमच्या मते रसिकतेची ही खरी कमाई आहे. चेहरा घडवणाऱ्या पिअर्सचीही आठवण अशाच लोकांनी ठेवली. नव्या फोम रबराच्या पद्धतीने काम झटपट होऊ लागले, तेव्हा इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तो स्टुडिओबाहेर पडला होता.

गेल्या पावसाळ्यात आम्ही हा 1943 सालचा बोलपट युनियनच्या कचेरीत भिंतीवर दाखवला. पंधरा-वीस माणसे होती. भाषांतर आम्ही करीत होतो, ते यथातथाच. आमच्यात एक जुने विणकर आहेत, अण्णा; मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षे काढल्याने कान गेले आहेत. माग चालू असताना शेजारच्याचे बोलणे ओठांवरून ओळखायची सवय मात्र तशीच आहे. एका प्रसंगी राक्षस लॉन चॅनीसमोर असतो आणि कापाकापीतून निसटलेला एक तुकडा येतो. अण्णांनी आमचा हात दाबला.

"साहेब," ते म्हणाले, "हा गप्प नाही. ओठ बघा की. बोलतोय हा."