काळ्या पाण्यावर गेलेले आमचे खापरपणजोबा

(संस्थेच्या वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. बी.ए. ला इतिहास विषय होता, पण इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, आपल्या घराला इतिहास कुठला, अशीच माझीही समजूत होती. ती समजूत कशी मोडली, एवढेच आज सांगणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या जातपडताळणीसाठी जुने पुरावे हवे होते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खटाटोप केलेला आहे. तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते काढले. मजकूर मोडीत. जाणकाराकडून वाचून घेतला. पणजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, त्यांच्या आईच्या मृत्यूची मिळाली. वडिलांच्या, म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद मात्र कुठल्याच वर्षात नव्हती. खाते उघडल्याची नोंद आहे आणि बंद झाल्याची नाही, हे बँकेतल्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

घरी आत्येला विचारले. ती म्हणाली, "अरे झिला, गाडलेला कित्याक उकरून काढतस?" गाडलेले म्हणजे काय, ते पुढे एका काकांकडून कळले. खापरपणजोबा काळ्या पाण्यावर गेले होते. काका म्हणाले, खोताच्या कारभाऱ्याने बायकांना अपशब्द वापरले म्हणून त्यांनी त्याला मारले.

खरे सांगतो, हे ऐकून माझी छाती फुगली. कोकणातल्या खोतीचा जाच सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधानसभेत मांडले आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. त्याच्याही अर्धशतक आधी आमच्या घरातला एक माणूस खोतशाहीविरुद्ध उभा राहिला, या कल्पनेनेच मी भारावून गेलो. स्मरणिकेसाठी लेख लिहायचे मनात ठरवूनही टाकले.

पण पुरावा हवा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला; त्याआधी मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. खुनाचा खटला सेशन्स कोर्टापुढे चालायचा आणि त्याची कागदपत्रे सरकारच्या न्याय खात्याकडे जायची. म्हणून रजा काढून मुंबईला काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात गेलो. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला एका बाडात आमचे गाव दिसले. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, तोंडावर देवीचे व्रण. भारतीय दंड संहितेचे ३०२ कलम. शिक्षा : आजन्म काळे पाणी.

आणि मयत? मयत खोताचा कारभारी नव्हता. मयत आमचाच भाऊबंद होता. बलुत्याच्या भाताच्या वाटणीवरून भांडण झाले आणि कोयतीचा वार बसला. एवढेच. ज्यांचा माणूस गेला ते घर आजही आमच्या वाडीत आहे.

मित्रांनो, त्या दिवशी मी बाड मिटले आणि बाहेर येऊन फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो. लेखाचा विचार तिथेच सोडला होता.

नंतर विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. गावकीची कामे करायची, सरकारी टपाल वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि बदल्यात सुगीला मिळणाऱ्या भाताच्या चार पेंढ्या. वाटेकरी वाढत गेले, पेंढ्या तेवढ्याच राहिल्या. देणारा बाजूला उभा राहून बघतो आणि घेणारे एकमेकांच्या उरावर बसतात. वतन हा मान नव्हे, ती बेडी आहे, हे बाबासाहेब आपल्या लोकांना कळकळीने सांगत होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कायदे मंडळात मांडले. महार वतन शेवटी गेले ते १९५८ च्या कायद्याने. ती कळकळ मला त्या एका पानावर समजली. म्हणून खून क्षम्य होतो असे मात्र नाही. मारणारे हात आमचे होते.

आता अंदमानबद्दल थोडे. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर हा अधिकारी दोनशे कैदी घेऊन तेथे उतरला आणि वसाहत सुरू झाली. आपल्याला ठाऊक असते ते सेल्युलर जेल. पण ते १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. त्याआधीची हजारो माणसे जंगल तोडणे, दलदल भरणे, रस्ते करणे, चॅथम बेटावर लाकूड कापणे अशा कामांत झिजली. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर, कलम आणि शिक्षेची तारीख. साधारण दहा वर्षे चांगल्या वर्तनाने काढली तर परवाना मिळे. मग जमीन कसता येई, गुरे पाळता येत, गावाकडून बायकोला बोलावता येई किंवा साहेबाच्या परवानगीने तेथेच एखाद्या कैदी स्त्रीशी लग्न करता येई. अशी लग्ने प्रांत आणि जात ओलांडून झाली. त्यांच्या मुलाबाळांचा समाज अंदमानात आजही आहे. हिंदुस्थानी ही त्यांची बोली झाली आणि जातीचे बंध पुष्कळच सैल झाले. छळातून निर्माण झालेली वसाहत होती ती, तिचे गोडवे गाऊ नयेत. पण पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरममध्ये, कुणी माझा चुलतभाऊ असेल आणि त्याला आपली जात सांगता येत नसेल, हा विचार मला आवडतो.

घरातली आठवण अशी, की एकदा पोलीस पाटलाकडे कागद आला : नवऱ्याकडे जायला तयार आहेस काय? खापरपणजी गेली नाही. पदरात लहान मूल होते, आणि ती गेली तर मुलाचा वाटा भाऊबंद खातील ही भीती होती. ज्या वाट्यापायी घर मोडले, त्याच वाट्याने तिला बांधून ठेवले. नवरा जिवंत की मेलेला हे शेवटपर्यंत कळले नाही. म्हणून मरेपर्यंत तिने कुंकू पुसले नाही.

हे सर्व येथे सांगण्यापूर्वी मी मयताच्या घरी गेलो. त्या घरातील आजींसमोर बसलो. सर्व सांगितले, कागदाची नक्कल ठेवली. आजी म्हणाल्या, "आमका ठावक होता. तुमीच लपयत होतात." मग सुनेला चहा ठेवायला सांगितले. आज ते कुटुंब या सभेत बसलेले आहे आणि त्यांच्या संमतीनेच मी बोलतो आहे.

आपण सर्वांनी अंगुलिमालाची कथा ऐकली आहे. तो भिक्खू झाला तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले. रक्ताने माखून तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला सहन करायला सांगितले. झालेले झालेच नाही, असे ते म्हणाले नाहीत. माझ्या बुद्धीला यातून एवढेच समजते, की माणूस बदलू शकतो, पण खोट्या पायावर नाही. आमच्या घराने सव्वाशे वर्षे खोताच्या कारभाऱ्याची गोष्ट सांगितली आणि त्यात दोन माणसे हरवली : एक मारणारा, एक मेलेला.

काळ्या पाण्याची शिक्षा १ जानेवारी १९५६ पासून कायद्यातून गेली. तिच्या जागी जन्मठेप हा शब्द आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला ते साल आता दोन्हींसाठी आठवते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. घरात आजी-आजोबा आहेत तोवर विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कोतवाल बुक आणि शाळेचे जनरल रजिस्टर केवळ दाखल्यासाठी बघू नका. तुमच्यापैकी दोघा-चौघांनी मोडी शिकून घ्या. आणि जे सापडेल ते जसे असेल तसे लिहा. आपल्याबद्दल आजवर दुसऱ्यांनी लिहिले. आता आपण लिहिणार असू तर आपण तरी खोटे लिहू नये.



नमो बुद्धाय! जय भीम!