अहो, गंमत केली!

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात मांडलेले मनोगत)



मी रुळांवर काम करणारा डिप्लोमावाला माणूस. भाषणाची सवय नाही, तेव्हा गोड मानून घ्या.

वरून धडधाकट दिसणाऱ्या रुळाच्या पोटात बारीक तडा असू शकतो. तो रोजच्या गाड्यांखाली हळूहळू वाढत जातो. म्हणून आम्ही रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी करतो. माणसाच्या मनाची कोण करणार?

आधीच्या एका ठिकाणी माझ्या हिंदीची रोज नक्कल व्हायची. मीटिंगमध्ये तोंड उघडलं की, "अब डिप्लोमावाले भी बोलेंगे!" मग हशा, आणि वर "अरे, मजाक है!" तक्रार करावी इतकं मोठं त्यात काहीच नव्हतं. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० साली तिथल्या कृष्णवर्णीयांना रोज सोसाव्या लागणाऱ्या अशा टोचण्यांना 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे नाव दिलं. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. झोप उडाली होती आणि घरी चिडचिड वाढली होती, एवढंच कळत होतं.

एका रात्री जेवताना सगळं सांगून टाकलं. वडील म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" सौ. आमची अकोल्याची. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल करता नं, तवा मले बी असंच होते."

हातातला घास हातातच राहिला. सोळा वर्षं मी ती 'गंमत' करत होतो! त्याच रात्री तिची माफी मागितली. पुढे डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ती सोबत आली. ऑफिसातल्या त्या गृहस्थांनाही एकदा बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं. थट्टा पूर्ण थांबली नाही, पण कमी झाली. मला झोप लागू लागली ती मात्र घरी बोलल्यामुळे.

आता आमच्या घरी एक नियम आहे. कुणी मनातलं सांगत असेल, तर ते संपेपर्यंत "मनाला लावून घेऊ नकोस" असं म्हणायचं नाही. घरी बोलता येत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेली सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं.

गावापासून दूर आपणच एकमेकांचे नातेवाईक. बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत; आपण निदान आपले दोन कान घरच्यांसाठी उघडे ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!