बाहेर पडायची वाट एकच

आज थेट कोड. सातपूर-अंबडला कंट्रोलरचं फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी जरा कान द्या.

सी मधला एक इव्हेंट हँडलर घ्या. बटण दाबलं की तो म्युटेक्स लॉक करतो, मॅलॉकने बफर घेतो, मग फाइल उघडतो. उघडली नाही? फ्री, अनलॉक, रिटर्न. वाचता आली नाही? एफक्लोज, फ्री, अनलॉक, रिटर्न. सगळं कॉपी-पेस्ट! सहा महिन्यांनी कुणीतरी मध्येच नवा इफ घालतो आणि अनलॉक विसरतो. तेव्हा काहीच दिसत नाही. पुढचं बटण दाबलं की हँडलर लॉकची वाट बघत बसतो, स्क्रीन गोठते. शोधा आता!

म्हणून आवराआवर फंक्शनच्या शेवटी एकदाच लिहा, उलट्या क्रमाने: एफक्लोज, फ्री, अनलॉक. काम नीट झालं तरी तिथूनच बाहेर. चूक झाली की गोटूने तिथे उडी. हो, गोटूच! १९६८ मध्ये डाइक्स्ट्रांनी त्याला झोडपलं होतं, पण लिनक्स कर्नलची कोडिंग स्टाइल याच कामासाठी तो सुचवते. उडी फक्त पुढे मारायची.

एकच लेबल पुरत नाही. फ्रीला नल दिला तर चालतं, एफक्लोजला नाही. म्हणून टप्प्यागणिक लेबल, आणि नाव कामाचं: ‘एरर-वन’ नको, ‘आउट-अनलॉक’ हवं.

आणि इफला महिरपी कंस द्याच. ॲपलच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती, हे २०१४ मध्ये उघड झालं. दुसरी इफच्या बाहेर, म्हणजे कायम चालणारी. सर्व्हरची सही तपासणं राहूनच गेलं.