पेण-रोह्याची ये-जा

2001 ते 2011 या दहा वर्षांत रायगडची लोकसंख्या 19 टक्क्यांनी वाढली. शेजारच्या रत्नागिरीची मात्र जवळपास 5 टक्क्यांनी घटली. तिथं दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया मोजल्या गेल्या. कमावते पुरुष मुंबईत, दुसरं काय!

रायगडची वाढही जिल्हाभर सारखी नाही. पनवेल-उरणकडे माणसं येतात, पोलादपूर-म्हसळ्याकडून जातात. पेण आणि रोहा हे तालुके या दोन टोकांच्या मधले. रोह्यात धाटावच्या रासायनिक कारखान्यांनी बाहेरचे कामगार आणले. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांनी कितीतरी हातांना गावातच काम दिलं.

पण याच तालुक्यांतल्या अनेक कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. जनगणना विचारते जन्मस्थान आणि आधीचं राहतं ठिकाण. दरवर्षीची ही काही महिन्यांची फेरी त्या रकान्यांत नीट बसत नाही. शिवाय 2011 ची गणना झाली फेब्रुवारीत, ऐन भट्टीच्या हंगामात. पोरं कधी गेली, कधी परतली हे कळायला वाडीतल्या शाळेचा हजेरीपट जास्त उपयोगी पडावा.