यंत्र मुलाच्या हातात द्या

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

पुण्यातल्या या गणेश कला क्रीडा मंचापासून स्वारगेटचा एसटी स्टँड हाकेच्या अंतरावर आहे. तिथून सोलापूरच्या गाड्या सुटतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकात त्यांनी आणलेल्या क्यूआर कोडमुळे. हा कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. त्याचा थोडा भाग फाटला किंवा त्यावर शाई सांडली, तरी फोन तो वाचतो. दुसरीतल्या पोराच्या दप्तरात वर्षभर चुरगळणाऱ्या पुस्तकाला आणखी काय हवं? शेतावरून परतलेल्या वडिलांचा फोन घेऊन मुलगी कवितेच्या पानावरच्या कोडसमोर धरते आणि फोनवर वाजणारी चाल पाठ होईपर्यंत ऐकते. आईवडिलांना वाचता येत नसलं, तरी तिचं अडत नाही. वर्गात पस्तीस मुलं असताना एकीसाठी तीच कविता दहादा म्हणणं तुम्हाला जमणार नाही. डिसले सरांची नजर नेमकी त्या अडचणीवर गेली, म्हणून मला त्यांचं काम मोठं वाटतं.

याउलट, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर धड्याची चित्रफीत आणि समोर हाताची घडी घालून बसलेली मुलं, याला मी तंत्रज्ञानाचा वापर म्हणणार नाही. तिथे फक्त फळा बदलला.

तुमच्या शाळेत संगणक कक्ष नसेल, असला तरी वीज नसेल. मग स्वतःचा फोन काढा. तिसरीतल्या मुलाला एक उतारा वाचायला सांगा आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. ‘प्रयत्न’पाशी तो अडखळेल, ‘स्वच्छ’ गिळून टाकेल. त्याला ते एकट्याला ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकताना आपण कुठे थांबलो, हे त्याचं त्यालाच कळतं. महिन्याने तोच उतारा पुन्हा घ्या आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा.

पडद्यावरूनही मुलांना कामाला लावता येतं. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा एमकेसीएल या संस्थेची ‘टिलीमिली’ मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून घराघरांत गेली. घरातल्याच वस्तू घेऊन करायच्या कृतींवर तिचा भर होता. टीव्हीसमोरून मुलांना उठवणारा असा टीव्ही मला फार आवडला.

पण यंत्र सगळ्याच मुलांच्या हातात पोचत नाही. म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कोणाच्या घरी फोन आहे, तो संध्याकाळी मुलांना मिळतो का आणि घरात मुलीच्या हातात तो देतात का, याची यादी करा. ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत शाळेचा फोन किंवा टॅब राखून ठेवा. त्यांची पाळी इतर कोणाला देऊ नका.