अपुऱ्या हातांनीं होणारें देवाचें काम

(टेंभुर्णी येथें व्यापारी, जमीनदार व देणगीदार मंडळींपुढें केलेलें भाषण)



दुष्काळनिवारणासाठीं आपल्या दारीं येणाऱ्यास एक प्रश्न नेहमीं ऐकावा लागतो: "पैसा देऊं, पण वांटणारे हात स्वच्छ आहेत काय?" प्रश्न रास्त आहे. वर्षभर तराजू हातीं धरणाऱ्यानें तो विचारलाच पाहिजे. ख्रिस्ती धर्मग्रंथांत त्यास जें उत्तर मिळतें, तें आम्ही आज आपणांपुढें ठेवितों.

देवानें ज्यांस कामास लाविलें, त्यांना कोणी सावध अडत्या दिवाणजी नेमणार नाहीं. मोशेच्या हातून मनुष्यवध झाला होता. पेत्रानें संकटाच्या रात्रीं आपल्या गुरूची ओळख तीन वेळां नाकारिली. ग्रंथानें हे दोष झांकले नाहींत. आणि दोषांस्तव देवानें काम थांबविलें नाहीं.

असें एक उदाहरण आपल्या जवळचें आहे. येथून पुण्याकडे जातां दौंडच्या पुढें केडगांव आहे. तेथील मुक्तिसदन पंडिता रमाबाईंनीं उभारिलें. १८७४ सालच्या दुष्काळांत त्यांचे वडील वारले. पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, तरी तेथील गुरुजनांशींही त्यांचे मतभेद झाले. १८९३ सालीं शारदासदनांतील धर्मविषयक वादांत न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्यांत चूक कोणाची, हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु रमाबाई सर्वमान्य खास नव्हत्या. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांची सोय केडगांवीं करावी लागली. वाद मिटले नव्हते. पण मुली वांचल्या.

आतां देणाऱ्याच्या हाताकडे वळूं. भाव चढेपर्यंत ज्यानें धान्य कोंडून ठेविलें, त्यास वाटेल कीं कोणत्या तोंडानें आतां दान करावें? जक्कय हा जकातदार होता; लोक त्यास लुबाडणारा म्हणत. येशू त्याच्या घरीं उतरला, तेव्हां त्यानें अर्धी मालमत्ता गरिबांस देऊं केली, आणि ज्यास नाडलें असेल त्यास चौपट परत करण्याचें कबूल केलें. ज्या हातानें घेतलें, त्याच हातानें त्यानें दिलें.

तथापि विश्वास ठेवावा म्हणजे हिशेब ठेवूं नये, असें नव्हे. पांच भाकरींची कथा पहा. त्या जवाच्या, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या होत्या. आपल्याकडे म्हणावयाचें तर ज्वारीच्या. देणारा एक अनोळखी मुलगा. ५,००० पुरुष जेवल्यावर येशूनें उरलेले तुकडे वेंचविले, तेव्हां १२ टोपल्या भरल्या. वांटप उदार होतें, आणि तुकडाही वायां गेला नाहीं.

म्हणून गृहस्थहो, आमची विनंती दुहेरी आहे. वांटणारे अपुरे आहेत, यासाठीं पावती मागा, कीर्द-खतावणी तपासा, वांटपाच्या जागीं स्वतः उभे रहा. पण निर्दोष माणूस मिळेपर्यंत थैलीचें तोंड बांधून ठेवूं नका. तोंवर गरिबाची दावण रिकामी होते व चूल विझते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्या मुलखांत घरोघरीं सांगतात, तेथें याहून अधिक सांगणें नको.