कोंबड्याचा डोळा

मंडळी, आज फळ्यावर काही लिहिणार नाही. या डालग्यात एक कोवळा कोंबडा आणला आहे. वय चार महिने. त्याच्या डोळ्याविषयी बोलायचे आहे. हसू नका. असाच एक डोळा मला वाचता आला नाही, आणि नुकसान झाले शेजारच्या वहिनींचे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आपल्या एडवणात सायकलवर एक पिल्लेवाला आला. त्याच्याकडे काळाभोर कोंबडा होता. "गुरुजी, अस्सल कडकनाथ," तो म्हणाला. मी चारशे रुपये मोजले. कोंबड्याचा एक डोळा नारिंगी होता, दुसरा करडा. मी विचारले, तर म्हणाला, "जातच तशी आहे." चाळीस वर्षे मुलांना शिकवले, पण मला त्याने एका वाक्यात गप्प केले.

आता जात कशी ओळखायची ते बघा. नुसत्या पिसांवर जाऊ नका. कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा. त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची कातडी काळी, पाय काळे, जीभसुद्धा काळपट. डोळा गडद तपकिरी किंवा काळा. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळे अंडे आहे म्हणून कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. माझ्या कोंबड्याची चोच उघडली असती तर आत गुलाबी जीभ दिसली असती. ती मी नंतर पाहिली.

पांढऱ्या लेगहॉर्नच्या कानाची पाळी पांढरी असते. तांबड्या ऱ्होड आयलंडची लाल. दोघांचेही डोळे तांबूस-नारिंगी. असीलची मान लांब, छाती ताठ, तुरा लहान, आणि मोठेपणी डोळा फिकट, मोत्यासारखा. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाला, वनराज हैदराबादच्या संशोधन केंद्रात. ही दोन्ही रंगीत, म्हणून गावठीच वाटतात. आणि आपल्या कोंबड्या? आशापुरीच्या देवळापासून समुद्रापर्यंत मोकळ्या हिंडतात. त्यांत कोणाचे रक्त किती, कोण सांगणार? त्याला संकर म्हणावे आणि अंडी खावीत.

आता डोळ्याकडे येऊ. पिल्लू निघते तेव्हा डोळा काळपट-करडा असतो. वाढता वाढता बुबुळात पिवळा-नारिंगी रंग भरतो. काही रंग जातीमुळे, काही खाण्यामुळे. मक्यातला आणि हिरव्या पाल्यातला पिवळा रंग डोळ्यात उतरतो. म्हणून लहान पिल्लाचा डोळा करडा दिसला तर घाबरू नये. पण दोन्ही डोळे बरोबरीने बदलले पाहिजेत. एक नारिंगी झाला आणि दुसरा करडाच राहिला, मधली काळी बाहुली गोल न राहता वेडीवाकडी झाली, उजेडात ती लहान होईना, तर ती जात नव्हे. तो आजार असू शकतो.

माझ्या कोंबड्याचे तेच होते. वहिनींनी त्याला आपल्या खुराड्यात ठेवायला मागितले, मी दिला. खुराड्यात अकरा पिल्ले होती. त्यांच्या पैशातून मुलीच्या शाळेचे दप्तर आणि गणवेश व्हायचा होता. दोनेक महिन्यांत पिल्ले लंगडू लागली. एक पाय पुढे, एक मागे, पंख लोंबता. सात मेली. पशुवैद्य म्हणाले, "मरेक्स रोग दिसतो." हंगेरीचे पशुवैद्य मारेक यांनी १९०७ साली याचे वर्णन केले. रोगाचे विषाणू पिसांच्या कोंड्यातून आणि धुळीतून पसरतात, खुराड्यात महिनोन्‌महिने टिकतात. माणसाला तो होत नाही. औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाले त्याच दिवशी टोचावी लागते. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न जातीचा नको, लस टोचली का, हा विचारा. आणि नवा पक्षी आला की काही आठवडे वेगळा ठेवा. त्याने सगळाच धोका टळत नाही, पण बराच टळतो.

गणवेशाचे पैसे मी दिले. वहिनी घेत नव्हत्या. "गुरुजी, तुम्हाला तरी काय ठाऊक," म्हणाल्या. ते वाक्य मला जास्त लागले.

बरे, आता एकेक जण पुढे या. पाय मी धरतो. कंदील जरा जवळ आणा. आधी डावा डोळा बघा, मग उजवा, आणि बाहुली लहान होते का ते सांगा. चोचीपासून बोटे लांब ठेवा, हा टोचतो.